फीडरवरचे गोल्डफिंच अचानक दिसेनासे होतात तेव्हा: कोणत्या क्रमाने तपासावे आणि कशाला हात लावू नये

न्यू जर्सी, न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियात ज्यांनी परसात पक्ष्यांसाठी कारळ्याच्या दाण्यांचा फीडर (दाणे भरून टांगायचे नळकांडे) टांगला आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. मेच्या आरंभी नळकांड्याच्या आठही दांड्यांवर पिवळेधमक अमेरिकन गोल्डफिंच, म्हणजे बी खाणारे छोटे पक्षी, बसलेले असतात, खाली आणखी चार-पाच वाट पाहत असतात, आणि पंधरा दिवसांनी त्याच फीडरकडे कोणी फिरकत नाही. मग बहुतेक घरांत एकाच शनिवारी दाण्यांची नवी पिशवी आणली जाते, फीडर दुसऱ्या झाडावर हलवला जातो आणि जोडीला जाळीची एक पिशवीही टांगली जाते. महिन्याभराने पक्षी परततात, पण ते नव्या दाण्यांमुळे परतले, नव्या जागेमुळे परतले की त्यांची परतण्याची वेळच झाली होती, हे कळायला मार्ग उरत नाही, आणि पुढच्या वर्षी तीच धावपळ पुन्हा करावी लागते.

खाली दिलेला क्रम बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चिक बदल शेवटी ठेवतो. तो मधूनच सुरू करू नये.

## तयारी

एक वही आणि पेन खिडकीपाशी कायमचे ठेवावे. त्याखेरीज पांढरा कागद, बाटली घासायचा लांब दांड्याचा ब्रश, केवळ याच कामासाठी राखलेली बादली, रबरी हातमोजे आणि साधे, बिनसुगंधी ब्लीच लागेल. दाण्यांची नवी पिशवी या टप्प्यावर आणू नये. आणायचीच वेळ आली तर कोणती आणि केवढी, हे चौथ्या टप्प्यात येईल.

सावधान: फीडरवर किंवा त्याखाली सुजलेल्या, चिकटलेल्या डोळ्यांचा, पिसे फुगवून सुस्त बसलेला आणि माणूस जवळ आला तरी न उडणारा पक्षी दिसला, तर बाकीचे टप्पे बाजूला ठेवून थेट पाचव्या टप्प्याकडे जावे.

## टप्पा १: पक्षी गेले आहेत की फक्त रंग गेला आहे?

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण "पिवळे पक्षी गेले आणि त्यांच्या जागी चिमण्या आल्या" ही ऑक्टोबरातली तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की सुरुवात इथूनच करणे भाग आहे. गोल्डफिंच वर्षातून दोनदा पिसे बदलतो. वसंतात नराला लिंबासारखा पिवळा रंग आणि काळी टोपी येते. उन्हाळा सरताना तो सगळा साज उतरतो आणि नर-मादी दोघेही मातकट, हिरवट-तपकिरी दिसू लागतात. नारिंगी झालेली चोचसुद्धा हिवाळ्यात काळपट होते. पक्षी तोच असतो, तीच दांडी असते, ओळख मात्र पटत नाही.

हिवाळ्यात ओळखण्यासाठी रंगाकडे न पाहता तीन गोष्टी पाहाव्यात. पंख काळे आणि त्यांवर फिकट आडवे पट्टे. छाती साधी, तिच्यावर रेघा नाहीत. आणि उडताना पक्षी सरळ न जाता लाटेसारखा वरखाली होत जातो. छातीवर ठळक तपकिरी रेघा असतील तर ती बहुधा हाऊस फिंचची मादी असते, आणि रेघांबरोबर चोच बारीक, टोकदार व पंखांत पिवळी झाक असेल तर तो पाईन सिस्किन समजावा. चिमणीची पाठ रेघांची असते, गोल्डफिंचची नसते.

तपासा: सलग तीन दिवस, सकाळी उजाडल्यावर तासाभरात आणि दुपारी तीननंतर, प्रत्येकी दहा मिनिटे फीडर पाहावा. केवळ शनिवारी दुपारी बारा वाजता चहा घेताना नजर टाकून "कोणीच येत नाही" असे ठरवू नये.

## टप्पा २: नोंद कशी ठेवावी

पक्षी येतात-जातात म्हणजे नेमके किती येतात आणि किती दिवस येत नाहीत, हे आठवणीच्या भरवशावर सांगता येत नाही. किमान दोन आठवडे रोज एकच आकडा लिहावा: एका वेळी, एकाच नजरेत दिसलेले जास्तीत जास्त गोल्डफिंच. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या 'प्रोजेक्ट फीडरवॉच' या उपक्रमातही मोजणीची हीच रीत आहे, आणि तिच्यामागचे कारण साधे आहे. सकाळी चार दिसले, दुपारी सहा दिसले, म्हणून दहा लिहिले तर तेच पक्षी दोनदा मोजले जाण्याचा संभव असतो.

आकड्याशेजारी हवामान, फीडरमध्ये दाणे कुठवर आहेत आणि काही वेगळे घडले असल्यास ते (शेजारी झाड तोडले, ससाणा दिसला, रात्रभर पाऊस पडला) दोन शब्दांत लिहावे. या नोंदीचा उलट बाजूनेही उपयोग होतो. आपल्या फीडरवर "तेच सहा पक्षी" येतात असा आपला समज असतो, पण गोल्डफिंचचे थवे भटके असतात; दिवसभरात एकेक टोळी येते, खाते आणि पुढे सरकते. सहा दांड्यांवर कायम सहा दिसत असले तरी दिवसाकाठी येऊन जाणारे पक्षी त्याहून पुष्कळ जास्त असू शकतात.

नेहमीची चूक: ज्या दिवशी पक्षी दिसले त्याच दिवशी नोंद करणे. शून्य हा सर्वांत उपयोगी आकडा आहे. तो गाळला की वही निरुपयोगी होते.

## टप्पा ३: महिना कोणता आहे ते पाहा

आपल्या हाती काही नसलेली कारणे इथे वेगळी होतात, म्हणून दाण्यांना हात लावण्याआधी हा टप्पा पूर्ण करावा.

एप्रिल आणि मेच्या पूर्वार्धात दक्षिणेकडून परतणारे गोल्डफिंच वाटेत थांबतात, त्यामुळे फीडरवर गर्दी उसळते. ती गर्दी पाहुण्यांची असते. मेच्या मध्यानंतर पाहुणे पुढे जातात, उरलेले स्थानिक पक्षी थवा मोडून जोडीजोडीने पांगतात आणि संख्या घसरते. मेमध्ये गर्दी आणि जूनमध्ये शुकशुकाट, ही तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते.

जून ते ऑगस्टचे गणित या पक्ष्याच्या एका खास सवयीमुळे निराळे आहे. इतर बहुतेक पक्ष्यांची पिल्ले घरट्याबाहेर पडत असतात, तेव्हा गोल्डफिंच घरटे बांधायला घेतो, कारण घरट्याच्या अस्तराला लागणारी थिसल नावाच्या काटेरी झुडपाची म्हातारी आणि पिल्लांना भरवायचे बी तेव्हाच तयार होते. पिल्लांनाही तो किडे न भरवता बियाच भरवतो. पक्ष्यांत ही गोष्ट दुर्मीळ आहे. मादी सुमारे बारा ते चौदा दिवस अंड्यांवर बसते आणि त्या काळात नर तिला खाऊ आणून देतो. साहजिकच फीडरवर एकटे नर घाईघाईने येऊन जाताना दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पंख थरथरवत, एकसुरी ओरडत खाणे मागणारी फिकट पिल्ले आईबापांच्या मागे फीडरवर आली, तर जवळपास घरटे यशस्वी झाले असे समजावे.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरात शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला आणि शेजाऱ्याच्या सूर्यफुलांत इतके बी असते की फीडर हा त्यांच्यासाठी दुय्यम पर्याय ठरतो. त्यानंतर थंडी वाढते, उत्तरेकडचे पक्षी खाली उतरतात आणि थवे पुन्हा जमू लागतात. जानेवारीत बर्फाने गवताचे बी झाकले गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी फीडर गजबजतो. चार दिवसांनी बर्फ वितळला की पुन्हा ओस पडतो.

काही हिवाळ्यांत यापेक्षा मोठी उलथापालथ होते. कॅनडातील अरण्यांत झाडांच्या बियांचे पीक बुडाले की पाईन सिस्किन, रेडपोल यांसारखे उत्तरेचे फिंच मोठ्या संख्येने दक्षिणेला येतात. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाईन सिस्किनांची अशीच लाट आली होती. सिस्किन लहान असला तरी भांडखोर असतो आणि पंख पसरून गोल्डफिंचला दांडीवरून हुसकावतो. पुढच्या हिवाळ्यात उत्तरेत पीक बरे झाले तर एकही सिस्किन दिसत नाही, आणि त्यात आपल्या फीडरचा काही दोष नसतो.

तपासा: पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी असलेल्या 'ईबर्ड' या संकेतस्थळावर आपल्या काउंटीचा (जिल्ह्याचा) महिनावार आलेख पाहावा. संपूर्ण काउंटीत गोल्डफिंच नेहमीइतके दिसत असतील आणि फक्त आपल्याकडेच शून्य असेल, तरच पुढच्या टप्प्याला अर्थ आहे. सगळीकडेच घट असेल तर फीडर स्वच्छ ठेवून वाट पाहावी.

## टप्पा ४: दाणे तपासा

आपल्या हातातले सर्वांत मोठे कारण हे आहे, आणि मराठी माणसाला ते इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. इथल्या दुकानांत 'नायजर' किंवा 'थिसल' म्हणून विकले जाणारे काळे, बारीक, लांबट बी म्हणजे आपले कारळे; नाशिककडे यालाच खुरासणी म्हणतात. त्याचा थिसलशी काहीही संबंध नाही. ते भारत, इथिओपिया, म्यानमार अशा देशांतून येते आणि त्यातून तणाचे बी रुजू नये म्हणून अमेरिकेत विक्रीला येण्यापूर्वी त्याला उष्णता दिली जाते. आणि कारळ्यात तेल भरपूर असल्यामुळे ते जुने झाले की काय होते, हे ज्या घरात कारळ्याची चटणी होते तिथे वेगळे सांगावे लागत नाही: ते खवट होते. डब्यात तळाशी विसरलेली चटणी आपण नाक मुरडून बाजूला करतो. गोल्डफिंचही तेच करतो, फक्त तक्रार न करता शेजारच्या फीडरवर जातो.

तपासणी या क्रमाने करावी.

पहिल्यांदा चिमूटभर दाणे पांढऱ्या कागदावर घेऊन नखाने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून चिरडावेत. कागदावर तेलकट डाग उमटला तर दाण्यात तेल शिल्लक आहे. दाणा नुसता भुगा होऊन कोरडा राहिला तर तो वाळला आहे आणि पक्ष्यांच्या दृष्टीने फोलपटाच्या लायकीचा आहे.

नंतर वास घ्यावा. चांगल्या कारळ्याला तिळाच्या जवळ जाणारा सौम्य वास असतो. खवट, तेलरंगासारखा उग्र किंवा कुबट वास आला की पिशवी टाकून द्यावी, कितीही भरलेली असली तरी.

शेवटी फीडर पूर्ण रिकामा करून तळ पाहावा. हे शेवटचे काम लोक टाळतात, आणि मीही टाळले होते. एका हिवाळ्यात मी तीन महिने वरून ताजे दाणे ओतत राहिलो आणि पक्षी फक्त वरच्या दोन फटींवर का बसतात याचे आश्चर्य करत राहिलो. मार्चमध्ये नळकांडे उलटे केले तेव्हा वरचे दाणे सळसळत पडले, पण खालचा थर जागचा हलला नाही. स्क्रूड्रायव्हरने टोकरला तेव्हा तो गुळाच्या ढेपेसारखा एकसंध निघाला, आत राखाडी बुरशी आणि मधोमध दोन-तीन रुजलेल्या दाण्यांचे पांढरे कोंब. म्हणजे उष्णता दिलेले सगळेच दाणे मरत नाहीत, हेही त्या निमित्ताने कळले. खालच्या सहा फटी तीन महिने बंद होत्या.

नेहमीची चूक: जमिनीवरचा काळा थर पाहून "पक्षी दाणे सांडतात, खात नाहीत" असे मानणे. दुर्बिणीतून एकच पक्षी दोन मिनिटे पाहावा. तो फटीतून एक दाणा ओढतो, चोचीत आडवा फिरवतो, चोच दोन-तीनदा हलते आणि दुभंगलेली दोन टरफले चोचीच्या कडेने खाली पडतात. खालचा काळा थर बहुतांशी या टरफलांचा असतो. मूठभर उचलून फुंकर मारावी: उडून गेले ते टरफल, हातात राहिला तो दाणा. हातात पुष्कळ काही राहिले तर मात्र पक्षी दाणे नाकारत आहेत.

दाणे बदलायचेच ठरले तर लहानात लहान पिशवी घ्यावी, जिथे माल लवकर खपतो अशा दुकानातून घ्यावी आणि फीडर निम्माच, चार-पाच दिवसांत संपेल इतकाच भरावा. दमट हवेत फीडरमधले दाणे तीन-चार आठवड्यांहून जास्त ठेवू नयेत. सोललेल्या सूर्यफुलाच्या बियांचे तुकडे गोल्डफिंचला कारळ्याइतकेच, काही ठिकाणी जास्तही आवडतात; पण टरफल नसल्याने ते एका पावसात भिजून सडतात आणि त्यांवर खारीही तुटून पडतात. दोन्ही एका फीडरमध्ये मिसळू नयेत, कारण कारळ्याच्या अरुंद फटीतून सूर्यफुलाचा तुकडा बाहेर येत नाही आणि रुंद भोकातून कारळे नुसते गळत राहते.

## टप्पा ५: फीडर धुणे

दाणे चांगले असोत वा नसोत, दर दोन आठवड्यांनी आणि पावसाळी किंवा गर्दीच्या दिवसांत दर आठवड्याला फीडर धुवावा. क्रम चुकला तर धुण्याचा उपयोग होत नाही.

१. उरलेले दाणे कचऱ्यात टाकावेत. परसात उधळू नयेत.

२. फीडर सुटा करून गरम पाणी, साबण आणि ब्रशने विष्ठा व चिकटलेला थर पूर्ण काढावा. घाण तशीच ठेवून ब्लीच ओतले तर ब्लीचचा जोर त्या घाणीवरच खर्ची पडतो.

३. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात सगळे भाग दहा मिनिटे बुडवून ठेवावेत.

४. वाहत्या पाण्यात वास जाईपर्यंत खळखळून धुवावेत.

५. उन्हात पूर्ण वाळवावेत. घाईने ओलसर नळकांड्यात दाणे भरणे म्हणजे आधी सांगितलेल्या ढेपेचा पाया घालणे.

६. फीडर वाळत असताना खालची टरफले आणि विष्ठा गोळा करावी. सडका ढीग साठला तर तिथे उंदीर येतात.

सावधान: हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नये. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण पक्ष्यांमधील साल्मोनेला हा जंतू माणसांनाही बाधतो. २०२१ मध्ये अमेरिकेत रानपक्ष्यांशी जोडलेल्या अशा आजाराची साथ नोंदली गेली आहे.

आजारी पक्षी दिसला असेल तर धुऊन लगेच फीडर परत टांगणे ही मोठी चूक ठरते. १९९४ च्या सुमारास वॉशिंग्टन शहराच्या परिसरात हाऊस फिंचमध्ये डोळ्यांचा संसर्ग आढळला आणि पुढे तो पूर्वेकडे सर्वत्र पसरला. गोल्डफिंचलाही तो होतो. आजारी पक्षी ज्या फटीत डोके घालतो त्याच फटीत पुढचा पक्षी डोके घालतो. म्हणून सगळे फीडर आणि पाण्याचे भांडेही उतरवून, धुऊन, किमान दोन आठवडे घरात ठेवावे, म्हणजे थवा पांगतो. पक्षी कायमचे दुरावतील ही भीती निराधार आहे. रिकाम्या फीडरमुळे गोल्डफिंच उपाशी मरत नाही.

## टप्पा ६: जागा आणि धोका

इथवर सगळे ठीक असूनही पक्षी येत नसतील, तरच जागेचा विचार करावा.

कूपर्स हॉक किंवा शार्प-शिन्ड हॉक या शिकारी पक्ष्यांनी परसाभोवती घिरट्या घालायला सुरुवात केली की फीडर ओस पडतो, पण हा परिणाम सहसा तासांचा किंवा एखाद-दोन दिवसांचा असतो. लॉनवर पिसांचा गोल सडा दिसला तर काय घडले ते उघड आहे. शिकारी रोज येऊन बसू लागला तर आठवडाभर फीडर उतरवावा; लहान पक्षी नसले की तोही दुसरीकडे जातो.

फीडरपासून सुमारे तीन मीटरवर झुडूप असावे, म्हणजे पक्ष्याला आडोसा मिळतो आणि झुडपात दबा धरलेल्या मांजराची झेप पोहोचत नाही. खिडकीच्या काचेपासून फीडर एक तर एक मीटरच्या आत असावा, म्हणजे दचकून उडालेल्या पक्ष्याला घातक वेग येत नाही, किंवा दहा मीटरच्या पलीकडे असावा. मधले अंतर सर्वांत वाईट.

हाऊस फिंचांच्या टोळीमुळे गोल्डफिंच मागे हटत असतील, तर ज्यात फट दांडीच्या खाली असते असा फीडर मिळतो. गोल्डफिंच उलटा लोंबकळून आरामात खातो, हाऊस फिंचला ते जड जाते. माझ्या मते वेगळा फीडर विकत घेण्याचे हे एकच समर्थनीय कारण आहे. जाळीची पिशवी स्वस्त असली तरी पावसात सगळ्या बाजूंनी भिजते आणि धुतलीही जात नाही, म्हणून ती मी सुचवत नाही.

न्यू जर्सीच्या ससेक्स, वॉरन, मॉरिस आणि पसेइक काउंटींत राहणाऱ्यांनी जागेइतकाच काळही पाहावा. काळ्या अस्वलाला दाण्यांचा पत्ता एकदा कळला की ते खांबासकट फीडर नेते. अस्वले हिंडत असतात त्या महिन्यांत तिथे फीडर लावू नये. त्याऐवजी कोनफ्लॉवर, ब्लॅक-आइड सुझन आणि सूर्यफूल लावून सुकलेली फुले हिवाळाभर न छाटता तशीच ठेवावीत. बागकामात नीटनेटकेपणाची हौस असलेल्यांना ते काळे बोंडके खटकतात, पण गोल्डफिंचसाठी तोच फीडर असतो, आणि तो धुवावाही लागत नाही.

## टप्पा ७: एक बदल, दोन आठवडे

दाणे, जागा, फीडरचा प्रकार यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्या तारखेखाली वहीत रेघ ओढावी. पुढचे दोन आठवडे दुसऱ्या टप्प्यातल्याप्रमाणे रोजचा आकडा लिहावा. आकडा हलला नाही तर आधीची स्थिती पूर्ववत करून मगच दुसरा बदल करावा. संपूर्ण नवा फीडर नव्या जागी टांगला असेल तर पक्ष्यांना तो सापडायलाच कित्येक आठवडे लागू शकतात. त्याला दोन आठवड्यांची कसोटी लावू नये.

उरलेले कारळे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, डब्यावर आणल्याची तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवावे. डब्यावर "पक्ष्यांचे" असेही ठळक लिहावे. आमच्याकडे एकदा ते चटणीसाठी भाजायला निघाले होते.